तरसाने गिळलेल्या हाडाची गोष्ट

कंपासपेटीतली पट्टी काढा आणि तिच्यावर अडीच सेंटिमीटर मोजा बरं. मोजलंत? आता तेवढ्याच लांबीचा हाडाचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. रंगाने तपकिरी, कडा झिजलेल्या, वजन दोन ग्रॅमपेक्षाही कमी. त्याला सांधा नाही, दात नाही, ओळखीचा कसलाही आकार नाही. हे हाड बैलाचं म्हणा, घोड्याचं म्हणा, अस्वलाचं म्हणा. नुसतं बघून तुमचं म्हणणं कुणालाच खोडता येणार नाही.

हा तुकडा २०१२ साली सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत सापडला. अल्ताई नावाच्या डोंगररांगेत ही गुहा आहे आणि तिथली हवा वर्षातला बराच काळ गोठवणारी असते. रशियन पुरातत्त्वज्ञ कित्येक दशकं तिथे थराथराने माती काढत आहेत. मातीत हाडं तर खूप निघतात, पण अख्खं हाड म्हणाल तर क्वचितच. या गुहेत हजारो वर्षं तरसांचा मुक्काम होता. तरसाचा जबडा माहीत आहे ना? हाड चावून त्याचा चुरा करतो आणि तो चुरा गिळूनही टाकतो. त्यामुळे गुहेतली बहुतेक हाडं म्हणजे बोटाच्या पेराएवढे तुकडे. कोणत्या प्राण्याचे हे सांगता येत नाही, म्हणून ते पिशव्यांत भरून ठेवले जात.

पण याच गुहेत एक फार मोठा शोधही लागला होता. २०१० साली इथल्या करंगळीच्या एका इवल्याशा हाडातून जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी डीएनए काढला. तो आपल्यासारख्या माणसाचा नव्हता. आपले नातेवाईक असलेले निअँडरथल नावाचे मानव युरोपात आणि आशियात राहायचे, त्यांचाही नव्हता. ही मानवाची तिसरीच शाखा निघाली! गुहेच्या नावावरून तिला डेनिसोव्हन म्हणू लागले. आता गंमत बघा. अख्खी मानवजात सापडली, आणि हातात काय? करंगळीचं एक हाड आणि एक-दोन दात. ते लोक दिसायचे कसे, राहायचे कुठे कुठे, काहीच कळेना. आणखी हाडं हवी होती.

ती हाडं कदाचित त्या पिशव्यांमध्येच असतील, असं ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या टॉम हायम आणि कॅटेरिना डूका यांना वाटलं. पण हजारो तुकड्यांतून माणसाचा तुकडा शोधायचा कसा? प्रत्येकाचा डीएनए तपासायचा तर पैसाही फार जातो आणि वेळही. मग एम.एस्सी. करणारी समँथा ब्राउन नावाची विद्यार्थिनी पुढे आली. तिने ठरवलं, डीएनए बाजूला ठेवू आणि हाडांतल्या प्रथिनांना विचारू.

प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे आठवतात. पण आपलं शरीरही प्रथिनांनीच बांधलेलं आहे. केस प्रथिनांचे, नखं प्रथिनांची, स्नायू प्रथिनांचे. प्रत्येक प्रथिन म्हणजे मण्यांची एक लांबच लांब माळ समजा. त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात आणि त्यांचे प्रकार आहेत २०. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी ओवायचा, हे आपल्या डीएनएत लिहिलेलं असतं. म्हणजे माळेतला क्रम वाचता आला की तिच्यामागचा डीएनए कसा होता याचाही थोडाफार अंदाज येतो.

हाडातली सगळ्यात महत्त्वाची माळ म्हणजे कोलॅजन. ती तुम्ही कदाचित खाल्लीही असेल. ज्यांच्या घरी पायाचं सूप होतं त्यांनी पाहिलं असेल, ते थंड झालं की गोठून थलथलीत होतं. ते हाडांतून आणि कातडीतून उतरलेलं कोलॅजन. त्याच्या एका माळेत हजाराच्या आसपास मणी असतात आणि अशा तीन माळा एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या असतात. पीळ इतका घट्ट बसण्याचं कारण म्हणजे प्रत्येक तिसरा मणी ग्लायसिन नावाचा, सगळ्यांत लहान मणी असतो. वर हा पीळ हाडाच्या खनिजात गच्च रुतलेला असतो. म्हणून तर प्राणी मेल्यावर मांस जातं, कातडी जाते, पण हाडातलं कोलॅजन थंड जागी लाखभर वर्षंसुद्धा तग धरतं.

गाय, घोडा, हत्ती, माणूस, सगळ्यांच्या हाडांत कोलॅजन असतं आणि ते जवळजवळ सारखंच असतं. पण अगदी सारखं नसतं! कुठे कुठे एखादा मणी बदललेला असतो. शेळी आणि मेंढीचंच घ्या. या दोघींची हाडं इतकी सारखी दिसतात की हाडांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले लोकसुद्धा तुकडा हातात घेऊन अडतात. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या वस्तीतही जनावरांची हाडं भरपूर निघाली. अशा ठिकाणी शेळी की मेंढी हा प्रश्न हमखास येतो, आणि तो महत्त्वाचा असतो, कारण मेंढी लोकरही देते आणि शेळी काट्याकुट्यांवरही जगते. कोलॅजनचा एक ठरावीक तुकडा मेंढीत ३०३३ वजनाचा भरतो आणि शेळीत ३०९३. हे वजन डाल्टन नावाच्या मापात असतं आणि एक डाल्टन म्हणजे साधारण हायड्रोजनच्या एका अणूचं वजन. म्हणजे शेळी आणि मेंढीतला फरक ६० हायड्रोजन अणूंएवढा, आणि तोही यंत्राला स्पष्ट दिसतो. मला तर हे वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

हे वजन करतात कसं, तेही सांगते. ही पद्धत ब्रिटनमध्ये मायकल बकली, मॅथ्यू कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली आणि २००९ साली जगापुढे मांडली. आधी हाडाचा चिमूटभर, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आसपास, नमुना घ्यायचा. तो सौम्य आम्लात बुडवून ठेवला की खनिज विरघळतं आणि कोलॅजन मागे राहतं. ते पाण्यात गरम करायचं, म्हणजे पीळ सुटतो आणि माळा मोकळ्या होतात. मग त्यात ट्रिप्सिन घालायचं. ट्रिप्सिन या क्षणी तुमच्याही पोटात आहे, लहान आतड्यात. जेवणातली प्रथिनं कापून त्यांचे तुकडे करणं हेच त्याचं काम. आणि ते वाटेल तिथे कापत नाही. लायसिन किंवा आर्जिनिन हा मणी आला की त्याच्या पुढे कापायचं, हा त्याचा नियम. म्हणून एका प्राण्याचं कोलॅजन कितीही वेळा कापलं, तरी तेच तुकडे मिळतात, त्याच लांबीचे आणि त्याच वजनाचे.

हे तुकडे पोलादाच्या एका पत्र्यावर ठिपक्याएवढे ठेवतात आणि पत्रा यंत्रात सरकवतात. आतली हवा काढून टाकलेली असते. ठिपक्यावर लेझरचा झोत पडला की तुकडे सुटून उडतात आणि एका लांब नळीतून पलीकडच्या टोकाकडे धावतात. हलके तुकडे आधी पोहोचतात, जड तुकडे मागून. कोण किती वेळाने पोहोचलं यावरून यंत्र प्रत्येकाचं वजन काढतं आणि एक आलेख छापतं, डोंगरांच्या सुळक्यांसारखा टोकदार. गायीचे सुळके वेगळ्या जागी, मॅमथचे वेगळ्या, माणसाचे वेगळ्या.

समँथाने डेनिसोवाच्या पिशव्या उघडल्या आणि कामाला लागली. प्रत्येक तुकडा स्वच्छ करायचा, त्याला क्रमांक द्यायचा, बारीकसा नमुना कापायचा, आम्लात टाकायचा, पुढचा तुकडा घ्यायचा. आलेख येत गेले. गवे, घोडे, लोकरी गेंडे, मॅमथ, हरणं. शंभर झाले, पाचशे झाले, हजार झाले, आणि माणूस काही सापडेना. असं काम ज्याने कधी केलं असेल त्यालाच त्यातला कंटाळा कळेल. रोज तेच, आणि हाती लागेल याची खात्री कुणीही दिलेली नाही. दोन हजारांहून जास्त तुकडे तपासले गेले, आणि त्यांत फक्त एका तुकड्याच्या आलेखात मानवी सुळके उठले. क्रमांक डीसी १२२७.

आपण ज्याच्यासाठी पट्टीवर अडीच सेंटिमीटर मोजले, तोच हा तुकडा. नीट पाहिल्यावर त्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि आम्लाने खाल्ल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे हे हाड बहुधा एखाद्या तरसाच्या पोटातून जाऊन आलं होतं! पोटातल्या आम्लात बुडूनही त्यातलं कोलॅजन टिकून राहिलं.

पण इथे एक अडचण आली. आपलं, निअँडरथलांचं आणि डेनिसोव्हनांचं कोलॅजन इतकं सारखं आहे की या पद्धतीने एवढंच कळतं, हाड मानवी आहे. कोणत्या मानवाचं, ते कळत नाही. म्हणून तो तुकडा जर्मनीत लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेत गेला. तिथे स्वांते पाबो यांचा गट जुना डीएनए वाचतो. पाबो यांना पुढे २०२२ साली याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. तिथे आधी डीएनएचा फक्त आईकडून येणारा भाग वाचला. उत्तर आलं, निअँडरथल. मग विव्हियान स्लोन यांनी उरलेला डीएनए वाचला आणि त्या बुचकळ्यात पडल्या. निम्मा डीएनए निअँडरथलांशी जुळत होता आणि निम्मा डेनिसोव्हनांशी. नमुन्यात काही मिसळलं तर नाही ना? पुन्हा तपासलं, परत तपासलं. उत्तर बदलेना.

२०१८ साली हे जगाला कळलं. आई निअँडरथल, बाबा डेनिसोव्हन आणि ही त्यांची मुलगी! सुमारे ९० हजार वर्षांपूर्वी ती जगली. हाडाच्या भिंतीच्या जाडीवरून ती मेली तेव्हा किमान १३ वर्षांची असावी, असं दिसतं. शास्त्रज्ञांनी तिचं लाडाचं नाव ठेवलं डेनी. दोन वेगळ्या मानवशाखांचं थेट पहिल्या पिढीचं मूल त्याआधी कधीच सापडलं नव्हतं. वर आणखी एक आश्चर्य. डेनीच्या आईचा डीएनए त्याच गुहेत आधी राहून गेलेल्या निअँडरथलांपेक्षा दूर युरोपातल्या, क्रोएशियातल्या निअँडरथलांशी जास्त जुळत होता. म्हणजे लोक तेव्हाही केवढे हिंडत होते बघा.

डेनीच्या बाबतीत प्रथिनांनी वाट दाखवली आणि शेवटचं उत्तर डीएनएने दिलं. दुसऱ्या एका गुहेत मात्र डीएनए गप्पच राहिला आणि सगळं काम प्रथिनांनाच करावं लागलं. तिबेटच्या पठारावर, चीनच्या गान्सू प्रांतात, समुद्रसपाटीपासून ३,२८० मीटर उंचीवर बैशिया नावाची गुहा आहे. १९८० साली एक बौद्ध भिक्खू तिथे प्रार्थनेला गेला होता. त्याला मोठाल्या दातांचा अर्धा जबडा सापडला. तो त्याने आपल्या धर्मगुरूंना दिला आणि त्यांच्याकडून तो लांजो विद्यापीठात पोहोचला. कितीतरी वर्षांनी त्याचा नीट अभ्यास सुरू झाला. जबड्यावर चिकटलेल्या खनिजाच्या थरावरून कळलं की तो निदान १ लाख ६० हजार वर्षं जुना आहे. डीएनएचा मागमूस नव्हता. पण दाताच्या आतल्या भागात थोडं कोलॅजन शिल्लक होतं. डेनिसोव्हनांचा डीएनए आधीच माहीत होता, म्हणून त्यावरून त्यांच्या कोलॅजनच्या माळेत मण्यांचा क्रम कसा असेल, हे काढता येत होतं. या वेळी नुसत्या वजनावर न थांबता मणी एकेक करून वाचले. क्रम डेनिसोव्हनांशी जुळला. त्यांच्या मूळ गुहेबाहेर सापडलेला त्यांचा हा पहिला अवशेष, २०१९ साली जाहीर झाला.

मग त्याच गुहेतले अडीच हजारांवर हाडांचे तुकडे तपासले. त्यांत सर्वांत जास्त निघालं भरल, म्हणजे लडाख आणि स्पितीच्या कड्यांवर दिसणारं ते निळसर राखाडी रानमेंढ्यासारखं जनावर. हाडांवर दगडी हत्यारांनी कापल्याच्या खुणा होत्या. आणि तुकड्यांमध्ये एक बरगडी निघाली, डेनिसोव्हन माणसाची. प्रथिनांनी जेवणही दाखवलं आणि जेवणारा माणूसही.

आता हाडं सोडून दातांकडे येऊ, कारण दात फार चिवट असतात. दाताचं बाहेरचं पांढरं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण भाग. ते तयार होताना त्यात अमेलोजेनिन नावाचं प्रथिन लागतं, आणि या प्रथिनाच्या दोन तऱ्हा असतात. एकीची कृती एक्स गुणसूत्रावर असते, दुसरीची वाय गुणसूत्रावर. मुलींमध्ये दोन एक्स असतात, मुलग्यांमध्ये एक एक्स आणि एक वाय. म्हणजे दातात वाय तऱ्हेचं प्रथिन मिळालं तर तो पुरुष. नमुना चांगला आहे आणि नुसतंच एक्सचं मिळालं, तर ती स्त्री.

स्पेनमध्ये सेव्हिल शहराजवळ व्हालेन्सिना इथे २००८ साली एक थडगं उघडलं. जवळपास पाच हजार वर्षांपूर्वीचं. तिथे एकच व्यक्ती होती आणि तिच्याजवळ हत्तीचा सुळा, शहामृगाच्या अंड्याचं कवच, अंबर आणि स्फटिकाचं पातं असलेला खंजीर. त्या काळातलं इतकं श्रीमंत थडगं त्या भागात दुसरं नव्हतं. हाडं फार खराब झाली होती. तरीही त्यांच्यावरून तो बहुधा तरुण पुरुष असावा, असं ठरलं आणि त्याला ‘हस्तिदंती पुरुष’ हे नाव पडलं. मग दातांतलं अमेलोजेनिन तपासलं. वाय कुठेच नाही. ती बाई होती! २०२३ पासून ती ‘हस्तिदंती स्त्री’ म्हणून ओळखली जाते. इतकी वर्षं लोकांनी जे गृहीत धरलं होतं ते दोन दातांनी पुसून टाकलं. मला ही गोष्ट फार आवडते आणि ती मी भेटेल त्या मुलीला सांगते. मुलग्यांनाही सांगते.

दातांवर आणखीही काहीतरी असतं, ज्याबद्दल दाताचे डॉक्टर आपल्याला रागावतात. हिरडीपाशी जमलेलं पिवळं, टणक कीटण. जुन्या काळी ते कोण घासून काढणार? ते वाढत जायचं, दगडासारखं घट्ट व्हायचं आणि जेवताना दातांवर राहिलेले कण त्यात कायमचे अडकायचे. दूध नासलं की चोथा वेगळा होतो आणि पाणी वेगळं होतं. त्या पाण्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन असतं. गायीचं, शेळीचं, मेंढीचं, घोडीचं, प्रत्येकीचं थोडं वेगळं. आणि माणसाच्या आईच्या दुधात हे प्रथिन नसतंच! म्हणजे कीटणात ते सापडलं, तर त्या माणसाने जनावराचं दूध प्यायलं होतं हे नक्की. भांड्यातल्या दुधाच्या डागावरून कुणीतरी दूध तापवलं एवढंच कळतं. कीटण मात्र सांगतं की ते याच माणसाच्या तोंडात गेलं.

मंगोलियात सापडलेल्या दातांवरून असं कळलं की तिथले लोक पाच हजार वर्षांपूर्वीपासून जनावरांचं दूध पीत होते. आधी गाय, शेळी, मेंढी यांचं. घोडीचं दूध आलं इसवी सनपूर्व १२००च्या सुमारास. घोडा तिथे नुसता बसायला नव्हता, तर त्याच्याशी घरच्या दुभत्या जनावराचंही नातं जुळलं होतं, हे दातांवरच्या घाणीने सांगितलं. (तरीही दात रोज दोनदा घासायचे. पुढच्या शास्त्रज्ञांसाठी कीटण राखून ठेवायची काही गरज नाही.)

आता कंपासपेटीतला खोडरबर काढा. हो, तोही या कामात वापरतात! युरोपात कागद सर्रास वापरात यायच्या आधी पुस्तकं जनावराच्या कातड्यावर लिहीत. तासून, ताणून, पातळ केलेलं कातडं. तेराव्या शतकात खिशात मावतील एवढी बायबलं तयार झाली, आणि त्यांची पानं इतकी तलम होती की ती कशाची, यावर विद्वानांत वाद पडला. कुणी म्हणे सशाची, कुणी म्हणे न जन्मलेल्या वासराची. पण अशा मौल्यवान पुस्तकाचा कोपरा कापून प्रयोगशाळेत कोण देणार? ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात सारा फिडिमेंट यांना कळलं की जुन्या पुस्तकांची निगा राखणारे लोक पानांवरची धूळ काढायला खोडरबर हलकेच फिरवतात आणि त्याचा भुगा फेकून देतात. त्या म्हणाल्या, फेकू नका, मला द्या. रबर घासला की घर्षणाने विद्युतभार तयार होतो आणि कातड्यावरचे प्रथिनांचे कण भुग्याला चिकटून येतात. पानाला धक्काही लागत नाही. भुग्यातलं कोलॅजन तपासलं तेव्हा २०१५ साली उत्तर मिळालं. ती पानं वासरांची, शेळ्यांची आणि मेंढ्यांचीच होती. सशाचा पत्ता नव्हता. तलमपणा आला होता तो कातडं कमावणाऱ्या कारागिरांच्या हातातून.

एवढी बारीक तपासणी म्हटली की एक भीती कायम असते. आपल्याच अंगावरून रोज त्वचेचे आणि केसांचे कण गळत असतात, आणि तीही प्रथिनंच. प्रयोगशाळेत लोकरीचा स्वेटर घालून गेलात, तर यंत्रात मेंढी उगवेल! म्हणून तिथे हातमोजे, मास्क, खास कपडे आणि शिवाय रिकामे नमुनेही तपासायची पद्धत असते. रिकाम्या नमुन्यात प्रथिन दिसलं तर ते बाहेरून आलं. सुदैवाने जुन्या प्रथिनांवर वयाच्या खुणाही पडतात. काही मणी काळाबरोबर हळूहळू रूप बदलतात. सगळे मणी ताजेतवाने दिसले, तर शास्त्रज्ञ लगेच सावध होतात.

तुम्ही विचाराल, आपल्याकडे असं का नाही ऐकू येत? खरी अडचण उन्हाची आणि पावसाची आहे. उष्ण, दमट जमिनीत कोलॅजन लवकर विरतं, डीएनए त्याहून लवकर. सायबेरियाची थंडी आपल्या मातीला कुठली? पण प्रथिनाला टिकून राहायला थंडी हा एकच आधार नाही. आफ्रिकेत टांझानियामध्ये लाएटोली नावाची जागा आहे. तिथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे सापडले, ३८ लाख वर्षांपूर्वीचे. उष्ण देश, आणि वय तर विचारूच नका. तरीही बिआट्रिचे डेमार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१६ साली त्यात एका प्रथिनाचा तुकडा अजून शाबूत असल्याचं दिसलं. कवच चुनखडीच्या स्फटिकांचं असतं आणि तो तुकडा स्फटिकाच्या पृष्ठभागाला इतका घट्ट चिकटला होता की तुटायला त्याला वावच नव्हता. त्यांनी हिशोब मांडला, तर त्या घट्ट पकडीमुळे प्रथिन असं टिकलं होतं, जणू बाहेरच्यापेक्षा ३० अंशांनी थंड जागेत ठेवलंय.

आणि शहामृग आपल्याकडेही होते, बरं का. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचांचे तुकडे, त्यांचे मणी आणि रेषारेषांची नक्षी कोरलेला एक तुकडा हाती आला. वय सुमारे २५ हजार वर्षं. कुणीतरी खानदेशात बसून अंड्याच्या कवचावर नक्षी कोरत होतं! राजस्थानात मिळालेल्या अशाच कवचातून भारतीय शास्त्रज्ञांनी २०१७ साली डीएनएही काढून दाखवला आणि तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. ३८ लाखांपुढे २५ हजार वर्षं म्हणजे कालपरवाचीच. मग पाटण्याच्या कवचांत प्रथिन टिकलं आहे का, हे बघायला काय हरकत आहे? प्रथिनांच्या तपासणीला कवचाचे काही मिलिग्रॅम पुरतात, त्यामुळे नक्षीच्या तुकड्याला हात लावायचीही गरज नाही. त्याच्याच थरात मिळालेला, नक्षी नसलेला, कुणी बघतही नाही असा कवचाचा बारकासा कण चालेल.